वावटळ, सायकलवाली बाई आणि पडद्यामागचे वादक

आजच्या बोलण्यात बचत नाही, कर्ज नाही, शिबिराची तारीखही नाही. आज आपण ऐकण्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ऐकायला काय शिकायचं, कान तर जन्मापासून आहेत. आम्हालाही तसंच वाटायचं. पण गेल्या काही महिन्यांत जालना जिल्ह्यातल्या आपल्या काही गटांमध्ये बैठक संपल्यावर आम्ही अर्धा तास एक खेळ खेळलो. त्यातून जे कळलं ते सगळ्याजणींपर्यंत पोहोचावं, म्हणून हे बोलणं.

सुरुवात अशी झाली. एका बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि गप्पा निघाल्या टीव्हीवरच्या मालिकांच्या. एक ताई म्हणाली, "ती थोरली जाऊ नुसती दारात उभी राहिली तरी माझ्या पोटात गोळा येतो. अजून तर तिनं तोंडबी उघडलेलं नसतंय." आम्ही विचारलं, मग गोळा येतो कशानं? ती विचारात पडली. शेजारची म्हणाली, "ते धाडधाड वाजवितेत ना, त्यानं."

तिनं अगदी बरोबर सांगितलं. त्या धाडधाड वाजण्याला पार्श्वसंगीत म्हणतात. गाणं आपण कान देऊन ऐकतो, गुणगुणतो. पार्श्वसंगीत मात्र बोलण्याच्या आणि चित्राच्या मागून चालू असतं. आपलं लक्ष नसलं तरी ते आपलं काम करत राहतं. कुणावर माया करायची, कुणाला घाबरायचं, कधी डोळ्याला पदर लावायचा, हे ते हळूच सांगत असतं.

तसं पाहिलं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पहाटे टाळ-चिपळ्या ऐकू आल्या की दार उघडायच्या आधीच कळतं, वासुदेव आला. ढोलकं गुरगुरलं आणि पाठोपाठ आसुडाचा फटका वाजला की पोरं सांगतात, पोतराज आला. संबळ वाजलं की गोंधळ आहे. माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो आणि आवाजावरून आपण ओळखतो. सिनेमाचं संगीत करणारे लोक हीच युक्ती वापरतात. एका माणसाला एक चाल बांधून देतात. तो माणूस आला की ती चाल वाजते. पुढंपुढं नुसती चाल वाजली तरी तो माणूस आपल्या डोळ्यांपुढं उभा राहतो.

सिनेमा आणि वाजवणं यांची सोबतही जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला. त्या सिनेमाला आवाज नव्हता. पुढं १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात मारुतीराया उडताना दिसत, पण बोलत नसत. अशा मूकपटांच्या वेळी पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसत आणि पडद्यावर जे चाललं असेल तसं वाजवत. पुढं सिनेमा बोलायला लागला आणि वाजवणारे पडद्यामागं गेले. तेव्हापासून ते आपल्याला दिसत नाहीत. ऐकू मात्र येतात.

आता आपल्या ओळखीच्या सिनेमाकडं येऊ. 'सैराट' पाहिला नाही अशी ताई आपल्या गटांत शोधून सापडायची नाही. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला लागला. 'झिंगाट' तर लग्नात वाजल्याशिवाय वरात पुढं सरकत नाही. पण त्याच सिनेमातलं 'याड लागलं' हे गाणं आम्ही गटात फोन आणि छोट्या स्पीकरवर लावलं आणि सांगितलं, शब्दांकडं लक्ष देऊ नका, मागचं ऐका. पहिल्यांदा कुणाला काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा एकजण म्हणाली, "मागून नदीला पाणी यावं तसं काहीतरी येतंय." तिसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू आलं.

ते पाणी म्हणजे मोठा वाद्यवृंद. इंग्रजीत त्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत किंवा जत्रेत स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारी पार्टी डोळ्यांपुढं येते. हा तो नव्हे. अजय आणि अतुल गोगावले या आपल्या मराठी भावांनी 'सैराट'चं संगीत केलं. त्यासाठी ते अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराजवळ गेले. तिथं सोनी कंपनीच्या स्टुडिओत एक भलंमोठं दालन आहे. साठाहून जास्त वादक एकाच वेळी बसून वाजवतील एवढं मोठं. त्या दालनात संगीत ध्वनिमुद्रित झालेला 'सैराट' हा पहिला भारतीय सिनेमा. करमाळ्याकडच्या विहिरी, केळीच्या बागा आणि उसाचे फड आपल्याला पडद्यावर दिसतात. त्यांच्या मागचं वाजवणं सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी केलेलं आहे. त्या वादकांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, तरी आर्ची-परश्याचं याड त्यांच्या हातांतून आपल्यापर्यंत आलं.

असा वाद्यवृंद बसतो कसा, ते थोडक्यात सांगतो. त्यात चार घरं असतात असं समजा. पहिलं आणि सगळ्यात मोठं घर तारांचं. त्यात व्हायोलिन, तिच्यापेक्षा थोडी मोठी व्हिओला, बसून गुडघ्यांत धरायचा चेलो आणि माणसापेक्षा उंच असा डबल बास. ही वाद्यं गजानं वाजवतात आणि गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. दुसरं घर फुंकायच्या हलक्या वाद्यांचं. त्यात बासरी, क्लॅरिनेट, आणि आपल्या सनईच्या नात्यातला ओबो. तिसरं घर पितळी वाद्यांचं. लग्नाच्या बँडमध्ये असतो तो ट्रम्पेट आणि त्याची थोरली भावंडं. चौथं घर बडवायच्या वाद्यांचं. त्यात तांब्याच्या मोठ्या कढईवर कातडं ताणावं तसे नगारे असतात.

यात आपल्या कानाला एक गोष्ट नवी आहे. आपण ओवी म्हणतो, भजन म्हणतो, तेव्हा सगळ्याजणी एकच चाल म्हणतात. कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली, पण चाल एक. वाद्यवृंदात प्रत्येक घर वेगळी ओळ वाजवतं आणि तरीही त्या सगळ्या ओळी एकमेकींना धरून असतात. म्हणून एकदा ऐकून भागत नाही. एकदा खालच्या घुमणाऱ्या वाद्यांकडं कान द्यायचा, एकदा वरच्या बासरीकडं. एका बैठकीत एक म्हातारी आजी म्हणाली, "लग्नाच्या सैपाकावानी हाय हे. एक पुऱ्या लाटती, एक भाजी फोडणीला टाकती, पर जेवण एकच." इतकं सोपं आम्हाला सांगता आलं नसतं.

सगळ्यांच्या पुढं उभा असतो तो संचालक. वादकांपुढं कागदावर लिहिलेले सूर असतात आणि कुणी कधी थांबायचं, कधी वाजवायचं ते संचालक हाताच्या खुणेनं सांगतो. सिनेमासाठी वाजवताना पडद्यावर चित्र चालू ठेवतात. हल्ली वादकांच्या कानात टिक-टिक असा ठेकाही लावलेला असतो. दार उघडलं त्याच क्षणी नगारा पडला पाहिजे, एवढं ते मोजून चालतं.

आता मूळ गोष्ट. ज्या दालनात 'सैराट'चं संगीत वाजलं, तिथंच फार वर्षांपूर्वी एका जादूच्या सिनेमाचं संगीत वाजलं होतं. तेव्हा तो स्टुडिओ एमजीएम नावाच्या कंपनीचा होता. सिनेमाचं नाव 'द विझर्ड ऑफ ओझ', म्हणजे ओझचा जादूगार. १९३९ साली तो लागला. मागचं संगीत हर्बर्ट स्टॉटहार्ट यांनी केलं आणि त्याला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं. आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीकडं हा सिनेमा लॅपटॉपवर होता. आम्ही तो गटात न्यायचं ठरवलं.

गोष्ट एका शेतकऱ्याच्या घरची आहे. डोरोथी नावाची पोरकी मुलगी मावशी-काकांकडं राहते. शेत, डुकरं, कोंबड्या, धुळीचं अंगण आणि तिचा लाडका कुत्रा टोटो. एक दिवस अशी प्रचंड वावटळ येते की डोरोथीसकट घरच उचलून नेते आणि ओझ नावाच्या जादूच्या देशात टाकते. तिथं तिला गवताचं बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह भेटतात. पश्चिमेची दुष्ट चेटकीण तिच्या मागं लागते. घरी परत जायचा रस्ता ओझचा महान जादूगार सांगेल, असं सगळे तिला सांगतात.

पण गटात आम्ही ही गोष्ट आधी सांगितलीच नाही. लॅपटॉपचं तोंड भिंतीकडं केलं. स्पीकर जोडला आणि म्हणालो, डोळे मिटा, ऐका आणि काय दिसलं ते सांगा. सिनेमा इंग्रजी, म्हणजे बोलणं कळायचा प्रश्नच नव्हता. उरलं ते संगीत. कुणी वाती वळत ऐकत होती, कुणी शेंगा फोडत. अर्धा तास रिकाम्या हातानं बसायची सवय आपल्याला कुठं आहे?

पहिला तुकडा लावला. घाईघाईचे बारीक सूर, गोल गोल फिरून पुन्हा तिथंच येणारे, टोचून टोचून वाजणारे. आम्ही विचारलं, काय दिसलं? "कुणीतरी तणतणत चाललंय." "बाईच हाय." "भांडायला निघालीय." "लई खवट असणार." सगळ्या हसल्या. कुणाचंही मत वेगळं पडलं नाही.

दुसरा तुकडा घर वावटळीत गरगरतं तेव्हाचा. हा लावल्यावर हसणं थांबलं. एक ताई डोळे न उघडता म्हणाली, "मागल्या साली पत्रे उडाले ना, त्या रातीचं हाय हे." वाद्यवृंद वावटळ कशी करतो? तारांची वाद्यं सरसर वर चढतात आणि घसरत खाली येतात. कुठंच टेकत नाहीत. सूर टेकला नाही की मनही टेकत नाही आणि पोटात खड्डा पडतो.

तिसरा तुकडा डोरोथीच्या गाण्याच्या चालीचा. हॅरॉल्ड आर्लेन यांनी बांधलेली ही चाल. इंद्रधनुष्याच्या पलीकडं एखादी चांगली जागा असेल, असं ती मुलगी शेताच्या अंगणात उभी राहून म्हणते. चाल फार साधी आहे. पण पहिल्या दोन सुरांतच ती खालच्या 'सा'वरून एकदम वरच्या 'सा'वर उडी घेते. पेटीवर वाजवून पाहा. बांधावरून पलीकडचं दिसावं म्हणून टाचा उंच कराव्यात तसं वाटतं. आमच्यातल्या एकीनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. तिला विचारलं तर म्हणाली, "माहेरची वाट आठवली." हे गाणं सिनेमाचा वेग कमी करतं म्हणून काढून टाकायला निघाले होते. राहिलं, आणि त्यालाही ऑस्कर मिळालं.

मग आम्ही लॅपटॉप फिरवला आणि पहिला तुकडा चित्रासकट दाखवला. घाईघाईच्या सुरांवर एक बाई येते. काळे कपडे, ताठ मान, सायकलवर. तिचं नाव मिस गल्च. ती गावातली पैसेवाली, जमीनवाली आणि एकटी बाई. डोरोथीचा टोटो तिच्या मांजरीमागं तिच्या बागेत घुसतो आणि तिच्या पायाला चावला अशी तिची तक्रार असते. कुत्र्याला घेऊन जायला ती सरकारी हुकूम घेऊन आलेली असते.

आम्ही गोष्ट सांगून पुढं जाणार, एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा ताई. माझ्या परड्यात कुणाचं कुत्रं घुसलं अन् मला चावलं, तर म्या काय त्याला ओवाळू का? तिचं चुकलं काय?"

सगळ्या पुन्हा हसल्या, पण थोड्या वेळानं गप्प झाल्या. प्रश्न खरा होता. कुत्र्याला मारायला निघणं वाईटच, आणि पोरीच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आपलंही मन तुटतं. पण तक्रार करायचा हक्क तिला होता. चित्र पाहायच्या आधीच आपण डोळे मिटून ठरवून टाकलं होतं, की ही बाई खवट. तिचा शब्दही ऐकला नव्हता. निकाल सुरांनी दिला आणि आपण माना डोलावल्या.

पुढं सिनेमात काय होतं ते पाहा. वावटळीत घर उडत असताना डोरोथी खिडकीतून बघते, तर मिस गल्च हवेत सायकल चालवत असते. बघता बघता सायकलीचा झाडू होतो, अंगावर काळा झगा येतो आणि ती चेटकीण होते. चाल तीच असते. पुढं ओझमध्ये चेटकिणीसाठीही तीच चाल वाजते. शेजारची बाई आणि चेटकीण यांना जोडणारा दोरा म्हणजे ते घाईघाईचे सूर. दोन्ही भूमिका एकाच नटीनं केल्या आहेत. तिचं नाव मार्गारेट हॅमिल्टन. सिनेमात येण्याआधी ती बालवाडीतल्या मुलांची बाई होती. लहान मुलं तिला पडद्यावर पाहून फार घाबरत. म्हणून १९७५ साली ती मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात गेली. तिथं चेटकिणीचे कपडे मुलांसमोर एकेक करून अंगावर घातले आणि हे नुसतं सोंग आहे, हे त्यांना दाखवलं.

मैत्रिणींनो, इथपर्यंत हा सिनेमाचा खेळ होता. पण त्या दिवशी बैठक उठता उठता एक ताई हळूच म्हणाली, "आपल्या गावात वेशीजवळच्या त्या आजीला बी लोक असंच करतेत ना." त्या आजीचं नाव आम्ही सांगणार नाही. एकटी राहते, दोन एकर जमीन आहे, तोंडानं फटकळ आहे. गावात कुणाचं वासरू मेलं, कुणाचं दूध आटलं, की कुजबुज तिच्या दारापर्यंत जाते. सुवासिनी तिच्या घरासमोरून पोरांना छातीशी धरून नेतात. आणि खरं सांगायचं तर आम्हीही त्या घरासमोरून जाताना पावलं जरा उचलूनच टाकत होतो. का, ते कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिच्यामागंही गावानं एक चाल लावून दिली होती आणि आम्ही ती ऐकत चाललो होतो.

सिनेमातल्या चेटकिणीवर पाणी पडतं, ती विरघळते आणि गोष्ट पुढं जाते. गावातल्या बाईचं तसं नसतं. तिला रोज तिथंच राहायचं असतं. महाराष्ट्रात २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते, असं भासवून तिच्याबद्दल संशय पसरवणं आणि तिचं जगणं अवघड करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. हे आपल्या गटांना माहीत असलं पाहिजे.

मग पार्श्वसंगीत वाईट म्हणायचं का? मुळीच नाही. त्याच वाद्यांनी एका ताईला माहेरची वाट दाखवली. पत्रे उडाले त्या रात्रीची भीती आतापर्यंत कुणी बोलून दाखवली नव्हती. ती त्या दिवशी चारचौघींत बोलली गेली. संगीत मन हलवतं म्हणूनच ते हवं असतं. एवढंच लक्षात ठेवायचं, की मन हललं म्हणजे खरं-खोटं ठरलं असं होत नाही. रडू आलं तर मोकळेपणानं रडावं. एखाद्या माणसाबद्दलचं मत मात्र त्याचं ऐकून घेतल्यावर बनवावं.

हा सिनेमा स्वतःच शेवटी हे शिकवतो. डोरोथी महान जादूगारापुढं जाते तेव्हा धूर असतो, जाळ असतो, भलंमोठं डोकं असतं आणि गडगडाटी आवाज असतो. सगळे लटलट कापतात. तेवढ्यात टोटो बाजूचा पडदा ओढतो. मागं असतो एक साधा म्हातारा. तो चाकं फिरवत, कळी ओढत, यंत्रात तोंड घालून बोलत असतो. गडगडाट त्याचाच. पडदा सरकल्यावर भीती जाते, पण गंमत जात नाही. उलट आता आपल्याला तो म्हातारा आवडायला लागतो. वाद्यवृंदाचंही तसंच आहे. मागं साठ माणसं घाम गाळत वाजवताहेत हे कळलं की ऐकण्यातली गोडी वाढते.

आणखी एक सांगतो. 'सैराट'चा शेवट तुम्हाला आठवत असेल. एवढे साठाहून जास्त वादक हाताशी असलेल्या माणसांनी त्या शेवटाला काय वाजवलं? काहीच नाही. लहान मूल दारातून बाहेर चालत येतं आणि सगळं निःशब्द होतं. व्हायोलिन नाही, सनई नाही, रडण्याचा आवाजसुद्धा नाही. तिथं आपल्याला कुणी सांगत नाही की आता रडा. जे झालं त्याच्याकडं आपल्याला एकटं बघावं लागतं. गटातल्या एका ताईचं बोलणं आम्ही विसरलो नाही. ती म्हणाली, "वाजवलं असतं तर म्या रडून मोकळी झाले असते. वाजवलं न्हाई म्हणून अजून डोक्यातनं जात न्हाई."

आता हा खेळ तुम्ही तुमच्या गटात करून पाहा. खर्च काही नाही. एक फोन आणि छोटा स्पीकर पुरे. बचत आणि वसुलीचं काम झाल्यावर अर्धा तास ठेवा.

पहिल्यांदा ओळखीचं गाणं लावा आणि शब्द सोडून मागचं ऐका. एकीनं खालचे घुमणारे सूर धरायचे, दुसरीनं बासरी, तिसरीनं ताल. मग प्रत्येकीनं काय ऐकलं ते सांगायचं.

दुसऱ्यांदा एखाद्या जादूच्या सिनेमाचा तुकडा चित्राशिवाय ऐका. पोरं टीव्हीवर हिंदीतून 'हॅरी पॉटर' बघतात. त्याचं २००१ सालच्या पहिल्या भागाचं संगीत जॉन विल्यम्स यांनी केलं आहे. त्यात बारीक घंटा किणकिणाव्यात असा एक आवाज येतो. ते सेलेस्टा नावाचं वाद्य. दिसायला पेटी-पियानोसारखं, पण आत हातोड्या धातूच्या पट्ट्यांवर पडतात. ती चाल कधी कधी वाजते ते पोरांना विचारा. ती आपल्याआधी सांगतील.

तिसऱ्यांदा मालिकेचा एक प्रसंग घ्या. आधी आवाजासकट बघा, मग आवाज पूर्ण बंद करून. ज्या बाईला बघून पोटात गोळा येत होता, ती आवाज बंद केल्यावर कशी दिसते ते एकमेकींना सांगा. आमच्या एका गटात उत्तर आलं, "दमलेली दिसती बिचारी."

आणि हो, वेशीजवळच्या आजीचं सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात गटातल्या दोघी तिच्या घरी जाऊन बैठकीचं बोलावणं देऊन आल्या. ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आली. भिंतीला टेकून बसली. कुणाशी फार बोलली नाही. आम्ही डोरोथीच्या गाण्याची चाल लावली तेव्हा तिनं विचारलं, "ह्यो कशाचा आवाज?" आम्ही म्हणालो, तारांचं वाद्य आहे आजी, गजानं वाजवतात. ती म्हणाली, "पुन्यांदा लाव."

आम्ही पुन्हा लावलं. तुम्हीही लावा, ऐका आणि तुमच्या गटात काय काय ऐकू आलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.